युकॉन-अलास्का मोटरहोमने: दोघांनी निघण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅल्गरीहून निघायचं, डॉसन क्रीक, व्हाइटहॉर्स, डॉसन सिटी करत टुक्टोयाकटुकला आर्क्टिक महासागरात पाय बुडवायचे, मग अलास्कात फेअरबँक्स आणि अँकरेज बघून परत यायचं. हाताशी 3 आठवडे. गाडी 24 फुटी क्लास सी मोटरहोम (ट्रक-व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेली), जुनी पण नीट ठेवलेली, नुकतीच घेतलेली. 'गाडी हे चालवतील, स्वयंपाकपाणी आणि बाकीचं मी बघेन,' असंही ताई, तुम्ही लिहिलंय. हे जमेल का?

3 आठवड्यांत जमणार नाही. 6 आठवड्यांत छान जमेल, मात्र ते 'बाकीचं मी बघेन' आधी बदलायला लागेल. मी आणि माझा नवरा एडमंटनला राहतो, उत्तरेचे हे रस्ते आम्ही बऱ्याच उन्हाळ्यांत केलेत, आणि आरव्ही, म्हणजे मोटरहोमसारख्या राहायच्या गाड्या, दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात माझी कित्येक वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते. थोडं लांब होईल, पण निघायच्या आधी वाचून घ्या.

आधी अंतराचा हिशोब. कॅल्गरी ते डॉसन क्रीक साधारण 890 किलोमीटर. तिथून अलास्का हायवे सुरू होतो, व्हाइटहॉर्सपर्यंत आणखी 1,420. व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी 530. डॉसनहून टुक्टोयाकटुक साधारण 920, आणि तिथून परतीचा दुसरा रस्ता नाही, म्हणजे जाऊन-येऊन 1,840. मग अलास्कातली फेरी आणि घरी परत. सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास जातं. 21 दिवसांनी भागलं की रोजचे 450 किलोमीटर येतात, तेही एकही दिवस न थांबता. मोटरहोम या रस्त्यांवर दिवसभराच्या सरासरीत ताशी 60-65 च्या वर जात नाही, डॉसनहून उत्तरेला जाणाऱ्या खडीच्या डेम्पस्टर हायवेवर तर 50 सुद्धा मिळत नाही. म्हणजे रोज 7-8 तास चाकावर. यात पाऊस, नदीवरच्या फेरीबोटीची रांग, पंक्चर, वणवा, एखाद्या दिवसाची पाठदुखी, कशालाच जागा नाही. आणि ज्यासाठी जायचं ते बघायलाही वेळ नाही.

ज्या डेम्पस्टर हायवेवरून तुम्ही जाणार आहात त्याचं नावच अशा घाईच्या गोष्टीतून आलंय. डिसेंबर 1910 मध्ये फ्रान्सिस फिट्झजेराल्ड नावाचा पोलीस अधिकारी तीन माणसं घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. हे अंतर विक्रमी वेळात कापायचं म्हणून त्यानं शिधा कमी घेतला, आणि वाट दाखवणाऱ्या ग्विचिन या स्थानिक जमातीच्या माणसाला मध्येच परत पाठवलं. वाट चुकली, दिवस वाढले, माघारी फिरेपर्यंत अन्न संपलं होतं. चौघंही गेले. मार्च 1911 मध्ये त्यांचे देह शोधून काढणाऱ्या कॉर्पोरल डेम्पस्टरचं नाव पुढे या रस्त्याला मिळालं. फोर्ट मॅकफर्सनला त्या चौघांच्या कबरी आहेत, तिथे जरूर थांबा. आता रस्ता आहे, फेरीबोट आहे, सॅटेलाइट फोन आहे. तरीही उत्तरेत माणसं अडचणीत येतात ती बहुतेक वेळा याच कारणानं: दिवस मोजून मापून घेतलेले असतात आणि घरी परतायची तारीख पक्की असते.

आता मुख्य गोष्ट. फोर्ट नेल्सन सोडलं की वॉटसन लेकपर्यंत पाचशेच्या वर किलोमीटर आहेत, आणि त्यात मोबाइलला रेंज जवळपास नाहीच. समजा त्या पट्ट्यात तुमच्या मिस्टरांच्या छातीत दुखायला लागलं, किंवा साधी पाठ धरली. गाडी कोण चालवणार? आपल्याकडच्या जोडप्यांमध्ये मी हे सारखं बघते. मोटरहोम घेतली की तो चालवणार, टाक्या रिकाम्या करणार, जनरेटर बघणार. ती स्वयंपाक करणार, औषधं सांभाळणार, कागदपत्रं ठेवणार. घरी ही वाटणी चालून जाते. इथे ती धोक्याची आहे, आणि दोन्ही बाजूंनी धोक्याची आहे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या खणात आहेत आणि किती वाजता घ्यायच्या हे त्यांना स्वतःला सांगता येत नसेल, तर तुम्ही घसरून पडलात त्या दिवशी तेही अडकले.

तुमचा अल्बर्टाचा क्लास 5 परवाना या गाडीला चालतो, वेगळी परीक्षा नाही. म्हणून मे महिन्यात एक शनिवार-रविवार काढा, कॅल्गरीजवळच्या कनानास्किसला जा आणि भूमिका पूर्ण बदला. गाडी तुम्ही चालवा. रिव्हर्स तुम्ही घ्या, ते मागे उभे राहून हात दाखवतील. हाताच्या खुणा आधीच ठरवा, आणि ज्या क्षणी आरशात माणूस दिसेनासा होईल त्या क्षणी ब्रेक, हा नियम ठेवा. सानी-डम्पवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, आधी काळी टाकी (संडासची), मग राखाडी (सिंक-अंघोळीच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो, हे तुमच्या हातानं करून बघा. प्रोपेनचा मुख्य व्हॉल्व्ह बाहेर कुठे आहे तो अंधारात चाचपून बंद करता आला पाहिजे. जॅक कुठे लावायचा, स्टेपनी कशी उतरवायची, सॅटेलाइट मेसेंजरवर (रेंज नसतानाही संदेश पाठवणारं यंत्र) एसओएसचं झाकण कसं उघडायचं, हे दोघांनाही. स्वयंपाक दोन्ही दिवस त्यांना करू दे. या दोन दिवसांत भांडणं होतील. ती कनानास्किसला झालेली बरी, कारण तिथून घर दोन तासांवर आहे.

मी स्वतः निम्मं अंतर चालवते. दोन-दोन तासांनी आम्ही बदलतो, थकलेलो असू वा नसू. ज्याच्या हातात स्टिअरिंग नाही त्याचं काम झोपणं नाही, तर रस्त्याच्या कडेला लक्ष ठेवणं. मूस (भलं मोठं हरीण) झाडीतून येतो तेव्हा आधी कडेच्या माणसाला दिसतो.

गाडीबद्दल. टायरला भरपूर गोटी, म्हणजे वरची नक्षी, आहे म्हणून ते चांगले आहेत, असं तुम्ही म्हणता. गोटी बघू नका, तारीख बघा. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. 2317 असेल तर 2017 सालचा 23 वा आठवडा. मोटरहोम वर्षाचे दहा महिने उभी असते, त्यामुळे तिचे टायर झिजत नाहीत, नुसते वयानं चिरतात. रिमजवळच्या भागात केसासारख्या बारीक भेगा दिसतात का, नखानं दाबून बघा. सहा-सात वर्षांच्या वरचे असतील तर सगळे बदला. मागच्या जोडचाकांतला आतला टायर बहुतेक लोक तपासतच नाहीत, कारण त्याच्या हवेच्या तोंडापर्यंत हात पोचत नाही. तिथे लांब एक्स्टेंशन लावून घ्या. पूर्ण आकाराची स्टेपनी रिमसकट हवी, सोबत पंक्चरचे प्लग आणि 12 व्होल्टचा चांगला कंप्रेसर.

मग सगळं सामान, पाणी, इंधन भरून, तुम्ही दोघं आत बसून, ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी तोला. कमाल वजन ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. गॅरेजात मी बघितलेल्या क्लास सी गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या त्याच्या वर असायच्या, आणि मालकांना कल्पनाच नसायची. जास्तीचं वजन खडीच्या रस्त्यावर टायर आणि स्प्रिंग यांच्यावर निघतं.

अलास्का हायवे हा आज संपूर्ण पक्का रस्ता आहे. 1942 मध्ये अमेरिकी सैन्यानं तो सुमारे आठ महिन्यांत खोदून काढला तेव्हाचा चिखल आता नाही. घाबरायचं असेल तर दोन तुकड्यांना घाबरा. पहिली फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक. सगळ्यात सुंदर तीच. समिट लेकला हायवे 1,295 मीटरवर जातो, हा त्याचा सर्वोच्च बिंदू. मग टोड रिव्हर, मंचो लेकचं हिरवं-निळं पाणी, आणि लियार्डचे गरम पाण्याचे झरे. लियार्डच्या आसपास वुड बायसन, म्हणजे गव्यासारखी धिप्पाड जनावरं, कळपानं रस्त्यावरच उभे असतात. ऑगस्टमध्ये रात्री काळोख पडायला लागतो तेव्हा त्यांचा गडद रंग डांबरात विरून जातो आणि हेडलाइटच्या उजेडात डोळेही चमकत नाहीत, कारण डोकं खाली असतं. या पट्ट्यात अंधारात चालवायचंच नाही. झऱ्यात उतरताना हेही लक्षात असू द्या की 1997 साली तिथे काळ्या अस्वलाच्या हल्ल्यात दोघांचा जीव गेला होता. मी दरवेळी तिथे उतरते, पण बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) लाकडी पायवाटेवर हाताशी असतो, गाडीत नाही.

दुसरी तुकडी बरवॉश लँडिंग ते बीव्हर क्रीक आणि पुढे अलास्काची हद्द. इथे रस्त्याखाली बर्फानं भरलेली गोठलेली माती आहे. रस्ता तयार झाला की वरचं झाडझाडोऱ्याचं पांघरूण जातं, उन्हानं खालचा बर्फ वितळतो, आणि डांबर जागोजागी खचून लाटांसारखं होतं. लांबून रस्ता सपाट दिसतो. मोटरहोमचं मागचं धूड मागच्या चाकांच्या बरंच मागे लोंबतं, त्यामुळे पुढची चाकं लाट पार करतात आणि मागचा बंपर खाली आपटतो. सानी-डम्पचा पाइप तिथेच असतो आणि तुटतो. ताशी 50-60 ठेवा, आणि डांबरावर घासल्याचे पांढरे ओरखडे दिसले की आणखी कमी करा. ते ओरखडे तुमच्या आधी गेलेल्यांच्या बंपरचे आहेत. कपाटांना आतून लॅच असले तरी बाहेरून पट्टी लावा. काचेच्या बरणीतलं लोणचं घरी ठेवून प्लॅस्टिकच्या डब्यात घेतलं तर बरं.

इंधनाचा नियम एकच: टाकी निम्मी झाली की जिथे पंप दिसेल तिथे भरा, भाव बघू नका. हायवेवरचे काही जुने लॉज बंद पडलेत, नकाशावर मात्र अजून दिसतात.

आता डेम्पस्टर. डॉसनच्या पूर्वेला 40 किलोमीटरवर क्लोंडाइक हायवेला फाटा फुटतो, आणि तिथून पहिला पंप 369 किलोमीटरवर ईगल प्लेन्सला. मध्ये काही नाही. तुमची गाडी शंभराला 22 ते 25 लिटर खाईल, म्हणजे टाकी पूर्ण असेल तर पुरतं, पण डॉसनलाच काठोकाठ भरा. 405 व्या किलोमीटरला आर्क्टिक सर्कल, 465 ला नॉर्थवेस्ट टेरिटरीजची हद्द, मग पील आणि मॅकेन्झी नद्यांवरच्या दोन फेरीबोटी, आणि इनुविक. तिथून पुढे टुक्टोयाकटुक, म्हणजे टुकपर्यंतचा बारमाही रस्ता नोव्हेंबर 2017 मध्ये उघडला.

हा जवळपास सगळा खडीचा रस्ता आहे. खालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून खडीचा जाड थर, काही ठिकाणी दोन मीटरच्या वर, टाकून तो उचललेला आहे. याचा परिणाम असा की रस्त्याला कडा नाही, उतार आहे. फोटो काढायला म्हणून गाडी जरा बाजूला घेतली की उजवी चाकं मऊ भरावात रुततात आणि मोटरहोम हळूहळू कलते. ओढून काढायला येणारी गाडी डॉसनहून किंवा इनुविकहून येते, आणि त्याचं बिल हजारो डॉलरचं असतं. थांबायचं ते ठरवून दिलेल्या रुंद जागीच. समोरून ट्रक आला की वेग अगदी कमी करून उजवीकडे सरका. दगड काचेवर किती जोरात बसणार हे दोन्ही गाड्यांच्या मिळून वेगावर ठरतं, आणि त्यातला तुमचा वाटा तुमच्या हातात आहे. काही पट्ट्यांत धारदार शेल (पापुद्र्यांचा दगड) आहे, तिथे टायर कापले जातात. पावसात खडीवरची माती साबणासारखी होते. अशा वेळी थांबा, चहा करा, दुसऱ्या दिवशी निघा. फेरीबोटीच्या दोन्ही काठांचे उतार खडीचे असतात आणि नदीचं पाणी चढलं-उतरलं की नव्यानं करायला लागतात. उतरताना कर्मचारी सांगेल तशी गाडी तिरकी घ्या, नाहीतर मागचा पाइप इथेही जातो. नदीत ओंडके वाहून आले की फेरी तासन्‌तास बंद राहते. माणसं नुसती वाट बघतात.

माझं स्पष्ट मत: 3 आठवडेच असतील तर डेम्पस्टरवर फक्त टूम्बस्टोन पार्कपर्यंत जा. फाट्यापासून सत्तरेक किलोमीटरवर कॅम्पग्राउंड आहे. तिथे तीन दिवस राहा, चाला. उघड्या टुंड्रात उभे राहणारे काळे सुळके, खाली करड्या-हिरव्या शेवाळ्याचं पसरलेलं अंग, हे सगळं तिथेच आहे. टुकला समुद्रात पाय बुडवल्याचा फोटो मिळतो, पण जाऊन-येऊन आठवडा घाईत घालवला तर फोटोशिवाय फार काही हाती लागत नाही. जायचंच तर 10 दिवस द्या, टुकच्या मूळ रहिवासी इनुविआलुइट लोकांशी बोला, पिंगो बघा. जमिनीतून बर्फानं वर ढकललेल्या या टेकड्या, त्यातली इब्युक 49 मीटर उंच आहे.

खाणंपिणं. डाळ-तांदूळ, कणीक, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला एडमंटनलाच भरून घ्या. दूध-भाजी व्हाइटहॉर्सला मिळते, पुढे महाग आणि शिळी होत जाते. कुकर न्याच, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. पाणी ही खरी मर्यादा आहे. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडला जळाऊ लाकूड शुल्कातच मिळतं, पण विजेचं किंवा पाण्याचं कनेक्शन नसतं, आणि हातपंपाचं पाणी उकळून प्यावं लागतं. ताट पुसून मग धुवायची सवय लावा. फोडणी गाडीत दिली की धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून लोक शेगडी बाहेर मांडतात. बाहेर फोडणी द्यायला हरकत नाही, पण नंतर शेगडी, तेलाचा डाग पडलेलं फडकं, खरकटं, सगळं आत घ्या. तेलाचा एक थेंब टेबलावर राहिला तरी अस्वल येतं, आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालतात. त्या जनावरासाठी तरी टेबल पुसा.

जूनमध्ये डॉसनला रात्र होतच नाही. पहिले दोन-तीन दिवस फार आनंदाचे जातात, रात्री अकराला उन्हात फिरता, आणि मग झोप न झाल्यानं माणूस चिडचिडा होतो. खिडक्यांच्या मापाची चंदेरी फॉइल लावलेली पुठ्ठ्याची पानं करून न्या, आणि घड्याळ बघून झोपा. दोघांमधली बरीच भांडणं याच न झालेल्या झोपेची असतात. डासांसाठी जाळीचा कोट घ्या, औषधावर भागत नाही.

औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन आठवडे जास्तीची. मोठं हॉस्पिटल व्हाइटहॉर्सला. वॉटसन लेक, डॉसन आणि इनुविकला लहान हॉस्पिटलं आहेत. मधल्या गावांत नर्स असते. गंभीर असेल तर विमानानं हलवतात, आणि दुसऱ्या प्रांतात त्या विमानाचा खर्च अल्बर्टाच्या आरोग्य विम्यात धरू नका. वेगळा प्रवास विमा घ्या, त्यात एअर अँब्युलन्स लिहिलेली आहे का ते बघा.

वणव्यांचं गंभीरपणे घ्या. मे 2024 मध्ये फोर्ट नेल्सन पूर्ण रिकामं केलं होतं. 2012 च्या जूनमध्ये पुरानं अलास्का हायवे तुटला आणि व्हाइटहॉर्सच्या दुकानांची फडताळं रिकामी झाली. रोज सकाळी ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनची रस्त्यांची अधिकृत माहिती बघा, आणि रेंज नसेल तर समोरून आलेल्या माणसाला विचारा. परतीला शक्यतो कॅसियर हायवे धरा. वॉटसन लेकच्या थोडं पश्चिमेला तो फुटतो आणि किटवांगापर्यंत सातशेच्या वर किलोमीटर जातो. एक रस्ता बंद झाला तर दुसरा उरतो, हाही त्याचा फायदा.

6 आठवडे मिळाले तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघा. व्हाइटहॉर्सपर्यंत 8 दिवस, डॉसनला 3, डेम्पस्टरला 10, अलास्काला 10, परतीला 8. उरलेले दिवस कशालाच वाटू नका, ते अडचणींचे आहेत. अडचण आली नाही तर क्लुएनी सरोवराच्या काठी खर्च करा.

शेवटी कागदपत्रांचं, कारण तुम्ही लिहिलंय की त्यांच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे आणि तुमच्याकडे भारतीय. तुम्हाला पीआर, म्हणजे कॅनडाचा कायम रहिवास, असली तरी अमेरिकेचा व्हिसा लागेल, आणि मुलाखतीची तारीख मिळायला महिने जाऊ शकतात. आजच अर्ज करा. पीआर कार्ड सोबत ठेवा आणि त्याची मुदत तपासा, परत येताना तेच दाखवायचं आहे. डॉसनहून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेनं जी हद्द लागते ते ठाणं फक्त उन्हाळ्यात आणि ठरावीक तासच उघडं असतं. बेअर स्प्रे हद्दीपलीकडे न्यायचा तर डब्यावर अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचा नोंदणी क्रमांक हवा. ताजी फळं आणि मांस यांचे नियम निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. व्हिसा वेळेत आला नाही तर डॉसनहून व्हाइटहॉर्सला परत या, तिथून हेन्स जंक्शन आणि क्लुएनीपर्यंत जा आणि कॅसियरनं उतरा. अलास्का पुढच्या उन्हाळ्यात करता येईल.